मार्सेल दालिओ: टेबलामागचा माणूस

'कॅसाब्लांका' या १९४२च्या हॉलिवूडपटात नायक रिकच्या कॅफेवर धाड पडते. इथे जुगार चालतो हे पाहून आपल्याला धक्का बसला, असं पोलिसांचा कॅप्टन रनो सगळ्यांदेखत सुनावतो. तेवढ्यात मागून एक बुटका, टापटिपीतला माणूस येतो आणि "तुमची जिंकलेली रक्कम, साहेब" म्हणत त्याच्या हातात नोटा ठेवतो. रनोचं काम करणारा क्लॉड रेन्स सगळ्यांना माहीत असतो. नोटा देणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीतसुद्धा नाही. तो मार्सेल दालिओ.

मी बरीच वर्षं हौशी नाटकांतून लहान भूमिका करते. शेजारीण, नर्स, मुलीकडची मावशी. त्यामुळे पडद्यावरही माझं लक्ष आधी कडेला उभ्या असलेल्यांकडे जातं. दालिओ मला तिथेच भेटला. मग त्याचे जुने चित्रपट शोधून पाहिले तेव्हा कळलं, की १९४२ साली 'कॅसाब्लांका'त रूलेट या जुगाराचं चाक फिरवणारा हा नट तीनच वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये एका अजोड चित्रपटाच्या मध्यभागी होता, आणि त्यात तो सबंध हवेलीचा मालक होता.

तो चित्रपट दिग्दर्शक ज्याँ रेन्वारचा 'रूल्स ऑफ द गेम', १९३९चा. त्याआधी १९३७ मध्ये रेन्वारच्याच 'ग्रँड इल्यूजन'मध्ये दालिओने रोझेंथाल केला होता. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच युद्धकैदी, त्यांतला हा श्रीमंत ज्यू घरातला. घरून येणाऱ्या खाण्याच्या पार्सलांवर तो अख्ख्या खोलीला जेवू घालतो. पुढे तो आणि दुसरा कैदी, म्हणजे नट ज्याँ गाबँ, मिळून पळ काढतात, दालिओचा पाय मुरगळतो, थंडी आणि भुकेने दोघं एकमेकांच्या जिवावर उठल्यासारखे भांडतात. गाबँ त्याला सोडून निघून जातो. दालिओ दगडावर बसून रागारागाने एक बालगीत म्हणायला लागतो, आणि थोड्या वेळाने गाबँ परत येतो. दोघंही माफी मागत नाहीत. नाटकाच्या तालमीत 'रुसवा कसा काढायचा' यावर तासन् तास चर्चा होते, तेव्हा मला हा प्रसंग आठवतो.

'रूल्स ऑफ द गेम'मध्ये तो मार्की, म्हणजे उमराव आहे, रोबेर द ला शेने. गावाकडे मोठी हवेली, शिकारीला जमलेले पाहुणे, बायको आहे, प्रेयसी आहे, आणि जुनी यांत्रिक खेळणी-वाद्यं जमवण्याचं वेड. मेजवानीच्या रात्री तो पाहुण्यांना आपल्या संग्रहातलं सर्वांत मोठं वाद्य दाखवतो. पडदा सरकतो, दिवे लुकलुकतात, लाकडी बाहुल्या हलतात, आणि कॅमेरा त्यांच्यावरून सरकत शेजारी उभ्या दालिओच्या चेहऱ्यावर येतो. अभिमान आहे, पण तो दाखवायची लाजही आहे. लोकांना आवडेल ना, अशी काळजी आहे. हे सगळं एकाच वेळी, एकही शब्द न बोलता. आपण घेतलेला हा बहुधा सर्वोत्तम शॉट, असं रेन्वारने पुढे म्हटलं, आणि मला ते पूर्ण पटतं.

याच चित्रपटात नोकरांच्या जेवणाचा एक प्रसंग आहे. मालकाचं आजोळ रोझेंथाल, म्हणजे तो 'आपल्यातला' नाही, अशी कुजबुज चालते. आडनाव मुद्दाम तेच, 'ग्रँड इल्यूजन'मधलं. तेव्हा स्वयंपाकघराचा मुख्य आचारी मालकाची बाजू घेतो. बटाट्याचं सॅलड करताना बटाटे वाफाळत असतानाच त्यावर पांढरी वाइन ओतायला हवी. बोटं भाजतील म्हणून मदतनिसाने ते केलं नाही, आणि हे मालकाला चवीवरून कळलं. आचाऱ्याच्या लेखी खानदानी माणूस ओळखायला एवढा पुरावा पुरतो. दालिओ त्या प्रसंगात नाहीच, तरी त्याचं पात्र तिथे पक्कं होतं.

जुलै १९३९ मध्ये चित्रपट लागला तेव्हा लोकांनी हुर्यो उडवली. उमरावाच्या भूमिकेत ज्यू नट, हेही अनेकांना खुपलं. सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झालं, आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने चित्रपटावर बंदी घातली.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या दाराशी आल्या आणि दालिओ पळाला. बरोबर बायको, मॅदलीन लबो, तीही नटी, विशीच्याही आतली. लिस्बन गाठलं, चिलीचे व्हिसा विकत घेतले, बोट धरली. मेक्सिकोत पोचल्यावर कळलं की व्हिसा बनावट आहेत. त्या बोटीवर असे अडकलेले आणखीही अनेक होते. शेवटी कॅनडाचे तात्पुरते पासपोर्ट मिळाले आणि दोघं अमेरिकेत शिरले. इकडे व्यापलेल्या फ्रान्समध्ये नाझींनी त्याचा चेहरा 'ज्यू असा ओळखा' म्हणून पोस्टरांवर छापला. त्याचे आईवडील छळछावण्यांत मारले गेले. वडिलांचं आडनाव ब्लाउशिल्ड, रोमानियातून पॅरिसला आलेलं कुटुंब. दालिओ हे रंगभूमीवरचं नाव.

हॉलिवूडने त्याला काय दिलं? १९४१ मध्ये दिग्दर्शक स्टर्नबर्गच्या 'शांघाय जेश्चर'मध्ये जुगारखान्यात चाक फिरवणारा. पुढच्या वर्षी 'कॅसाब्लांका'त पुन्हा तेच. उच्चार फ्रेंच, अंगावर सूट शोभतो, मग उभा करा टेबलामागे. मला याचा राग येतो, आणि तरी मी तो प्रसंग परत परत पाहते. बल्गेरियातलं तरुण जोडपं व्हिसासाठी पैशांच्या मागे आहे, रिक त्या मुलाला बावीस नंबरवर पैसे लावायला सांगतो. रिक आणि दालिओ यांची फक्त नजरानजर होते. चाक बावीसवर थांबतं. पैसे तिथेच ठेव, म्हणून रिक सांगतो, आणि पुन्हा बावीस. नंतर आज गल्ला कसा काय, असं रिक विचारतो, तर हा म्हणतो, वाटलं होतं त्यापेक्षा दोनेक हजार कमी. अंगात भलेपणा आहे आणि तो हिशेबात लपवायचा आहे, हे त्या ओळीत त्याने इतकं हलकं ठेवलंय, की घाईत पाहणाऱ्याला ते कळतही नाही. आम्ही नाटकवाले ज्याला 'बिझनेस' म्हणतो, हातांनी करायची कामं, ती शिकायची तर इथे शिकावीत. व्हिसाच्या बाजाराने पोळलेल्या माणसाकडून दिग्दर्शकाने व्हिसाच्या पैशांसाठी चाक फिरवून घेतलं, हे माहीत असलं की त्या नजरेचं वजन आणखी जाणवतं.

त्याच चित्रपटात 'मार्सेएझ' हे फ्रान्सचं राष्ट्रगीत गाताना डोळे भरून येणारी इव्हॉन म्हणजे मॅदलीन लबो. चित्रीकरण चालू असतानाच दालिओने घटस्फोटाचा अर्ज केला होता. एकाच कॅफेच्या सेटवर ती बारपाशी आणि तो टेबलामागे. यापलीकडे त्या दोघांबद्दल काही लिहावंसं वाटत नाही.

१९४४ मध्ये 'टू हॅव अँड हॅव नॉट'मध्ये तो मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचा हॉटेलवाला, नाझींविरुद्ध लढणाऱ्या द गॉलच्या बाजूचा. युद्ध संपलं, तो फ्रान्सला परतला, आणि मग दोन्ही किनाऱ्यांवर काम करत राहिला. 'जंटलमेन प्रिफर ब्लाँड्स'मध्ये पॅरिसचा न्यायाधीश. १९५४च्या 'सब्रिना'मध्ये पाकशाळेत शिकणारा म्हातारा बॅरन, ज्याला ऑड्री हेपबर्नचं सुफ्ले (ओव्हनमध्ये फुगवलेला अंड्याचा पदार्थ) पाहून तिच्या मनातलं कळतं: सुखी प्रेमातली बाई ते जाळते, दुःखी प्रेमातली बाई ओव्हन पेटवायलाच विसरते. चवीवरून माणूस ओळखणारा मार्की इथे परत आला, असं मला वाटतं. १९५५ मध्ये टीव्हीसाठी 'कॅसाब्लांका'ची मालिका निघाली, त्यात कॅप्टनचं काम दालिओला मिळालं. नोटा देणारा आता घेणारा झाला! जॉन फोर्डच्या 'डोनोव्हन्स रीफ'मध्ये तो गळक्या चर्चचा पाद्री आहे. 'कॅच-२२'मध्ये रोमच्या वेश्यागृहातला थेरडा आहे, तो कोवळ्या अमेरिकन सैनिकाला सांगतो की दुबळा देश म्हणूनच इटली टिकेल, आपण फॅसिस्टांच्या बाजूचे होतो, मग जर्मनांच्या, आता तुमच्या. ज्या माणसाचे आईवडील मारले गेले, त्याने हे संवाद मिस्किलपणे, जराही कडवटपणा न आणता म्हटलेत. मला तो प्रसंग बघवत नाही, इतका तो चांगला झालाय.

आणि १९७३ मध्ये 'द मॅड ॲडव्हेंचर्स ऑफ रॅबी जेकब'. त्यातला हीरो विनोदवीर लुई द फ्युनेस, वेषांतर करून रॅबी, म्हणजे ज्यू धर्मगुरू बनणारा. पण खरा रॅबी जेकब, तीस वर्षांनी न्यूयॉर्कहून पॅरिसला परतणारा, तो दालिओ. टोपी, दाढी, चेहऱ्यावर निखळ आनंद. फ्रान्समध्ये हा चित्रपट तुफान चालला.

दालिओ नोव्हेंबर १९८३ मध्ये पॅरिसलाच वारला. कुणाला त्याचं काम पाहायची इच्छा असेल तर माझं ऐका, 'कॅसाब्लांका'पासून सुरुवात करू नका. आधी 'ग्रँड इल्यूजन' पाहा, मग 'रूल्स ऑफ द गेम', शक्य तर लागोपाठच्या दोन संध्याकाळी. त्यानंतर रिकच्या कॅफेत जा आणि नायकाकडे न पाहता रूलेटच्या टेबलाकडे बघा.