पडद्यावरची 'ती' आणि घरभाड्याचा हिशेब

सोलापूरच्या एकपडदा चित्रपटगृहांत वाढलेल्या माझ्या पिढीला वेश्याव्यवसाय करणारी स्त्री ठाऊक झाली ती दोनच रूपांत: एक, 'देवदास'मधल्या चंद्रमुखीसारखी, नायकावर निष्काम प्रेम करून स्वतःचे आयुष्य बदलून टाकणारी, आणि दुसरी, पान चघळत दारात उभी राहून भल्या माणसाला नादी लावणारी. १९५७ च्या 'प्यासा'मधली गुलाबो मला आजही प्रिय आहे, परंतु तिच्याही चांगुलपणाची कसोटी नायकाच्या कवितेवरच्या श्रद्धेतूनच लागते, हे मात्र खटकते.

या बाईला घरभाडे द्यावे लागते, मुलाची शाळेची फी भरावी लागते, हे पडद्यावर सहसा येतच नाही. आमच्या शहरात विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे मोजतात आणि तिच्या कष्टाला आपण निःसंकोच कष्ट म्हणतो. देहविक्रय करणाऱ्या बाईच्या हाती मात्र हिशेबाची वही दिसली की प्रेक्षकाचा कळवळा आटतो.

१९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्यानुसार कुंटणखाना चालवणे गुन्हा आहे, प्रौढ स्त्रीने स्वेच्छेने केलेला देहविक्रय हा स्वतः गुन्हा नाही. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने छाप्यांत अशा स्त्रियांना अटक करू नये, केवळ व्यवसायावरून मुलाला आईपासून तोडू नये आणि माध्यमांनी त्यांची ओळख उघड करू नये, असे निर्देश दिले. तरीही छाप्याच्या बातमीसोबत ओढणीने तोंड झाकलेल्या बायकांचे छायाचित्र हमखास दिसते, आणि तेही मला सिनेमातलेच एखादे दृश्य वाटते.