डिपार्टमेंट बंद झालं म्हणजे मुलाचा आयईपी पण गेला का?

२०२५च्या मार्चपासून व्हॉट्सॲपवर मला सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच. (आयईपी म्हणजे स्पेशल एज्युकेशनच्या मुलाला शाळेने काय काय मदत द्यायची त्याची लेखी योजना.) मी न्यू जर्सीत एका पब्लिक स्कूलमध्ये पॅरा आहे, म्हणजे वर्गात स्पेशल एज्युकेशनच्या मुलांबरोबर असणारी मदतनीस. वकील नाही, अधिकारी तर नाहीच नाही, पण आपल्या लोकांत कसं असतं, एखादी शाळेत कामाला आहे म्हटलं की तिला सगळं माहीत असणारच. बातमी आली की फोन सुरू. "ताई, ट्रम्पने एज्युकेशन डिपार्टमेंट बंद केलं म्हणे, मग आमच्या छोट्याची स्पीच थेरपी थांबणार का?" तर आता एकदाच सगळं लिहून टाकते, पुढच्या वेळी कुणी विचारलं की सरळ लिंक पाठवेन. (कॉलेजचं, त्याच्या आर्थिक मदतीच्या फॅफ्सा फॉर्मचं आणि लोनचं इथे काही नाही, ते प्रकरण वेगळं आहे, त्यावर नंतर कधीतरी.)

छोटं उत्तर, नाही, आयईपी कुठेही गेलेला नाही. मोठं उत्तर जरा किचकट आहे आणि खरी काळजी करायची जागा त्यात आहे.

आधी झालं काय ते भराभर सांगते. ११ मार्च २०२५ला फेडरल, म्हणजे इथल्या केंद्र सरकारच्या, एज्युकेशन डिपार्टमेंटने जवळपास निम्मी माणसं कमी करायचं जाहीर केलं, चार हजारांच्या वर होती ती बावीसशेच्या आसपास. २० मार्चला ट्रम्पनी डिपार्टमेंट गुंडाळायच्या कामाला लागा अशा ऑर्डरवर सही केली आणि तेव्हापासून "बंद झालं, बंद झालं" चाललंय. पण हे डिपार्टमेंट इथल्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९७९मध्ये कायदा करून काढलंय, ते नुसत्या एका सहीने पुसता येत नाही. केस कोर्टात गेली, खालच्या कोर्टाने कपात अडवली, जुलैत सुप्रीम कोर्ट म्हणालं केसचा निकाल लागेपर्यंत कपात चालू द्या. त्याच जुलैत राज्यांना १ तारखेला मिळायचे सहा अब्ज डॉलरच्या वरचे पैसे अडकवून ठेवले, त्यात इंग्लिश शिकणाऱ्या मुलांसाठीचा टायटल थ्री निधी होता, टीचर ट्रेनिंग होतं, आफ्टर-स्कूल होतं, मग बरीच ओरड झाली आणि महिनाअखेर सोडले. ऑक्टोबरात शटडाऊन (बजेट मंजूर नाही म्हणून सरकारी कामकाज बंद) चालू असताना आणखी साडेचारशेच्या वर लोकांना नोटिसा, त्यात स्पेशल एज्युकेशन बघणारं ऑफिस जवळजवळ रिकामं झालं, आणि नोव्हेंबरात ज्या कायद्याने सरकार परत उघडलं त्याच कायद्याने त्या नोटिसा मागे घ्यायला लावल्या. त्यानंतर आठवडा पण झाला नसेल तर टायटल वनसारखे (गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना मदत) मोठे कार्यक्रम लेबर डिपार्टमेंटने सांभाळायचे असे करार जाहीर. त्या करारांत स्पेशल एज्युकेशन नव्हतं, हे मुद्दाम सांगते कारण त्या दिवशी मला जे फॉरवर्ड आले त्यातल्या अर्ध्यात ते होतं.

आता आपला घोळ कुठे होतो. आपण भारतातून येताना डोक्यात एक चित्र घेऊन येतो, दिल्लीत बोर्ड बसलंय, एनसीईआरटी पुस्तकं काढते, वरून परिपत्रक आलं की खाली सगळे कामाला लागतात. मग वाटतं वॉशिंग्टनमधलं ऑफिस बंद म्हणजे शाळेचं छप्परच गेलं. इथे तसं नाहीये. शाळेत काय शिकवायचं, पुस्तक कुठलं लावायचं यात फेडरल सरकारने हात घालायचा नाही असं कायद्यातच लिहिलंय, ते राज्य आणि गावचं स्कूल बोर्ड बघतं. पैशाचंही तेच, शाळांच्या एकूण खर्चात फेडरल वाटा देशभराचा बघितला तर साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी सगळं राज्याचं आणि आपल्या प्रॉपर्टी टॅक्सचं, आणि न्यू जर्सीत घर घेतलेल्या माणसाला प्रॉपर्टी टॅक्स काय ते मी समजवायला नको.

मग फेडरलचं काम काय उरलं? मुख्यतः हक्क. आयईपी ज्या कायद्यातून येतो तो १९७५चा, प्रेसिडेंट फोर्डनी सही केलेला, नाव बदलत बदलत आज आपण त्याला आयडिया म्हणतो. त्याच्या आधी शाळा सरळ सांगू शकायच्या की तुमचं मूल आम्हाला घेता येणार नाही, घरी ठेवा. ५०४ प्लॅन, म्हणजे अपंगत्व असलेल्या मुलाला शाळेत लागणाऱ्या सोयींचा प्लॅन, त्याहून जुन्या, १९७३च्या कायद्यातला. हे दोन्ही कायदे जागच्या जागी आहेत, काँग्रेसने बदलल्याशिवाय बदलत नाहीत. आणि आयईपीत लिहिलंय ते देण्याची जबाबदारी तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची आहे. काँग्रेसने १९७५मध्ये म्हटलं होतं की दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत आम्ही देऊ, ते आजवर एकदाही पूर्ण दिलेले नाहीत, पण तरीसुद्धा "बजेट नाही" हे कारण डिस्ट्रिक्टला देता येत नाही. मीटिंगमध्ये कुणी तसं म्हणालंच तर आवाज चढवू नका, शांतपणे म्हणा की हे मला लेखी द्या. बहुतेक वेळा ते वाक्य तिथेच विरतं.

मग काळजी कुठे, तर कायदा मोडला गेल्यावर तुम्ही ज्या दारावर जाता तिथे. ऑफिस फॉर सिव्हिल राइट्स, सगळे ओसीआर म्हणतात, त्यांच्याकडे भेदभावाची तक्रार फुकट करता येते, घडल्यापासून १८० दिवसांच्या आत, वकील लागत नाही. आता त्यांच्या १२ रीजनल ऑफिसांपैकी ७ मार्च २०२५मध्ये बंद करून टाकली, त्यात न्यूयॉर्कचं पण, जे आपलं न्यू जर्सी बघायचं. म्हणजे कायदा आहे पण चौकीत शिपाई कमी झालेत. तक्रार करू नका असं मी म्हणत नाही, करा, पण नुसती तेवढी करून वाट बघत बसू नका.

आयईपीच्या बाबतीत जवळचं दार राज्याचं आहे आणि ते आपल्या लोकांना माहीतच नसतं. डिस्ट्रिक्टने आयडिया पाळला नाही तर राज्याच्या एज्युकेशन डिपार्टमेंटकडे लेखी तक्रार करता येते, झालेल्या गोष्टीला वर्ष व्हायच्या आत, आणि त्यांना साधारण ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. मीडिएशन, म्हणजे मध्यस्थ बसवून तोडगा काढणं, पण आहे, त्याचे पैसे पडत नाहीत. आणि या सगळ्याच्या आधी एक फोन करा, पेरेंट सेंटरला, म्हणजे अशा मुलांच्या पालकांना माहिती आणि सल्ला देणाऱ्या संस्थेला. प्रत्येक राज्यात असं निदान एक सेंटर आहे, आपल्याकडे स्पॅन, मिनेसोटात पेसर, तिथे फोन उचलणारी बाई बहुतेक वेळा स्वतः अशाच मुलाची आई असते आणि ती जे दहा मिनिटांत सांगते ते तुम्हाला चार रात्री गूगल करून मिळणार नाही. हो, ही सेंटर्स पण फेडरल ग्रँटवर चालतात, त्यामुळे फेडरल बातम्या वाचायच्याच असतील तर त्या ग्रँटच्या वाचा, फॉरवर्ड कमी वाचा.

आता मला जे सगळ्यात जास्त टोचतं ते. आपल्या आया मला सांगतात "टीचरशी बोलणं झालंय, त्या म्हणाल्या बघू". कधी बोलणं झालं? ऑक्टोबरात. आता काय, तर मार्च. बोलण्याने काहीही सुरू होत नाही हो! मुलाचं इव्हॅल्युएशन, म्हणजे तपासणी, हवंय असं लेखी, ईमेलने, तारीख टाकून कळवलं की घड्याळ सुरू होतं. न्यू जर्सीत लेखी विनंतीनंतर २० दिवसांत मीटिंग घ्यावी लागते (मोठ्या सुट्ट्या सोडून, आणि समरचे नियम थोडे वेगळे), आणि तुम्ही सही करून संमती दिली की ९० दिवसांत इव्हॅल्युएशन होऊन, मूल पात्र ठरलं तर आयईपी सुरूसुद्धा झाला पाहिजे. फेडरल कायदा ६० दिवस म्हणतो पण राज्याला स्वतःची मुदत ठरवता येते म्हणून टेक्सास-कॅलिफोर्नियावाल्यांनी आपापलं बघा. ईमेल मोठी नको, मुलाचं नाव, ग्रेड, काय काय अडचण दिसतेय त्याची दोन-तीन उदाहरणं, आणि स्पेशल एज्युकेशनसाठी इव्हॅल्युएशन करा अशी स्पष्ट विनंती, बस. टीचरला नको, आमच्याकडे ही तपासणी करणारी चाइल्ड स्टडी टीम असते तिला किंवा स्पेशल सर्व्हिसेसच्या डायरेक्टरला, टीचरला सीसी. आणि त्यांनी नाही म्हटलं तर ते "नाही" कारणासकट लेखी द्यायचं बंधन त्यांच्यावर आहे.

ईमेल का होत नाही ते मला माहितीये. टेक्निकल अडचण नसते, आपल्या मंडळींत सगळे आयटीतलेच, दिवसाला शंभर ईमेल करतात. पण "मुलाच्या रेकॉर्डवर राहील", "महाराष्ट्र मंडळात कळलं तर", "सासूबाईंना काय सांगू". रेकॉर्ड हवंच असेल तर घ्या, १९७४चा फर्पा कायदा आहे, मुलाच्या फाइलमध्ये काय आहे ते बघायला मागितलं तर ४५ दिवसांच्या आत दाखवावं लागतं आणि तुमच्या संमतीशिवाय ती फाइल शेजाऱ्यांना काय किंवा मंडळाच्या अध्यक्षांना काय, कुणालाच देता येत नाही. सासूबाईंचं तुमचं तुम्ही बघा.

आता भाषेचं, आणि हे नीट वाचा कारण यात आपण स्वतःच्या हाताने नुकसान करून घेतो. किंडरगार्टनच्या ॲडमिशनला एक होम लँग्वेज सर्व्हे असतो, घरी कुठली भाषा बोलता, मूल पहिल्यांदा कुठल्या भाषेत बोललं वगैरे. आपल्यातले कितीतरी जण तिथे ठोकून "इंग्लिश" लिहितात, कारण कुणीतरी सांगितलेलं असतं की मराठी लिहिलं की ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्लिश कच्चं असलेल्यांच्या वर्गात, टाकतात, मूल मागे पडतं. होतं असं की मराठी लिहिलं तर एक छोटी स्क्रीनिंग टेस्ट होते, मुलाला इंग्लिश नीट येत असेल तर विषय तिथेच संपतो. नसेल येत तर मदत मिळते, शाळेला तुम्हाला कळवावं लागतं, आणि तुम्हाला ते वर्ग नको असतील तर नाही म्हणायचा हक्क आहे.

पण समजा इंग्लिश लिहिलं, आणि मूल घरी दिवसभर आजीबरोबर मराठीत. वर्गात गप्प बसतं, सूचना कळत नाहीत, टीचरला वाटतं काहीतरी प्रॉब्लेम आहे, इव्हॅल्युएशन लागतं. आयडियात लिहिलंय की शक्य असेल तिथे मुलाची तपासणी त्याच्या भाषेत झाली पाहिजे, आणि नुसतं इंग्लिश कच्चं आहे म्हणून मुलाला अपंगत्वाच्या यादीत घालता येत नाही. पण फाइलमध्ये तर लिहिलंय घरची भाषा इंग्लिश! मग पूर्ण तपासणी इंग्लिशमध्ये, आणि जे मूल मराठीत आजीला अख्खी गोष्ट रंगवून सांगतं त्याच्या रिपोर्टवर येतं, शब्दसंग्रह कमी. उलटं पण होतं, खरी अडचण असते आणि सगळे म्हणत राहतात अरे दोन भाषा आहेत ना घरात, येईल हळूहळू, आणि दोन वर्षं वाया. दोन भाषांमुळे बोलण्याचा आजार होत नाही. मूल दोन्ही भाषांत अडखळतंय का, हे ज्याला दोन्ही भाषांतलं मूल माहीत आहे तोच सांगू शकतो, आणि तो माणूस म्हणजे तुम्ही. आणि कुणी सल्ला दिला की घरी मराठी बंद करा तर माझं ऐका, करू नका.

या भाषेच्या हक्काचं पण तेच झालंय. ऑगस्ट २०२५मध्ये फेडरल सरकारने इंग्लिश शिकणाऱ्या मुलांबद्दलची २०१५ची मोठी मार्गदर्शक सूचना मागे घेतली, लगेच फॉरवर्ड, ईएसएल बंद. पण ज्या हक्कावर ती सूचना उभी होती तो १९७४चा, सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांची लाऊ विरुद्ध निकल्स केस आणि त्याच वर्षीचा समान शिक्षण संधीचा कायदा, ते दोन्ही आहेत. गेलं ते शाळांना सोपं करून सांगणारं पत्रक, म्हणजे आता डिस्ट्रिक्टला माहीत नसेल तर तुम्हाला माहीत पाहिजे.

आणि आयईपी मीटिंगला तुम्हाला, किंवा नवऱ्याला, इंग्लिश भरभर कळत नसेल तर दुभाषा द्यायचं काम डिस्ट्रिक्टचं, पैसे त्यांचे. शाळकरी मुलाला दुभाषा करू नका, स्वतःबद्दलचं त्याने स्वतःच भाषांतर करायचं हे फार वाईट दिसतं. आजीला न्या. मुलाला ओळखणाऱ्या कुणालाही पालक बरोबर आणू शकतात, हे कायद्यात बसतं. मीटिंगच्या नोटिसला उत्तर देतानाच दुभाषा हवा असं लिहा आणि भाषा स्पष्ट लिहा, मराठी, कारण नुसतं इंडियन वाचून एका घरी हिंदीवाला पाठवला होता आणि आजी अर्धा तास त्याला हिंदीत उत्तरं देण्याच्या नादात मुद्द्याचं बोलायचंच विसरल्या.