दाखला

आजीच्या लोखंडी ट्रंकेत शालूच्या घडीखाली एक कागद होता, मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदत्वाचा दाखला. आजोबांची सोलापूरला बदली झाली तेव्हा नगरच्या चर्चच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी लिहून दिलेला. ही बहीण आमची सभासद आहे, प्रभुभोजन घेते, तिला आपल्यात सामावून घ्यावं, एवढाच मजकूर. नव्या गावी बिऱ्हाड लावायच्या आधी आजी तो घेऊन चर्चला गेली होती.

अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरात १८३१ मध्ये सुरू झालं. आमच्या चार पिढ्यांची नावं तिथल्या रजिस्टरात आहेत. बाप्तिस्मा, लग्न, मूठमाती, सगळं. १९७० मध्ये वेगवेगळ्या पंथांची चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, पाटी बदलली. आईचा डावीकडचा तिसरा बाक तोच राहिला.

मी नोकरीसाठी पुण्याला आले ती दाखला न घेताच. आज ना उद्या परत जाऊ, असं वाटायचं. माझी वर्गणी आई भरायची. आई गेली आणि तीही थांबली. भांडण नाही, श्रद्धा उडाली असंही नाही.

मुलगी दर रविवारी एका हॉलमध्ये भक्तीला जाते. पडद्यावर हिंदी-इंग्रजी गाणी, मराठी एकही नाही. ती माझ्यापेक्षा जास्त प्रार्थना करते, हे मी मनापासून सांगते. पण तिथे सभासद व्हायची पद्धतच नाही, आणि दोन वर्षांतला हा तिसरा हॉल. मी टोकलं तर म्हणाली, "आई, टिळकांनीच मिशन सोडून देवाचा दरबार काढला ना? बाप्तिस्मा न घेतलेलेही त्यात होते."

खरंच आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला, ख्रिस्तभक्तांचा हा दरबार उभा केला. पण दोनच वर्षांत ते गेले, आणि त्यांच्यामागे दरबार टिकला नाही.

मी तिला तिच्या आजोबांची रात्र सांगितली. अकराला बाबा गेले. एकाच माणसाला फोन केला होता, तरी पहाटेपर्यंत अंगण भरलं. कबर खणायला मंडळीतलीच पोरं गेली, महिला मंडळाच्या बायका आईला धरून बसल्या. चाळीस वर्षं एकाच छपराखाली बसलेली माणसं होती ती.

"तुझ्या शेजारी कोण बसतं गं?"

"दर वेळी वेगळं कुणीतरी."

जानेवारीत नगरला जाऊन थकलेली वर्गणी भरली आणि पुण्यासाठी दाखला मागितला. चिटणीसांनी माझं नाव शोधलं, आईच्या नावाखालीच होतं. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मुलीचाही देऊ का?"

तिला विचारून सांगते, म्हटलं.