तुम्ही विचारलंत म्हणून: बूथच्या कॅमेऱ्याला वायर कशाला

लग्नांत मी बूथ लावतो, पाहुणे त्यासमोर उभे राहून स्वतःचे फोटो आणि व्हिडिओ मेसेज काढतात. प्रत्येक लग्नात एक मामा येतोच, हातात फोन, आणि विचारतो, "दादा, एवढा मोठा कॅमेरा, त्याला वायर, वायरला लॅपटॉप, हे सगळं फोनवर होत नाही का?" धंद्यात नवीन आलेली पोरं वेगळं विचारतात, फोटो नीट येतात मग व्हिडिओलाच का लटकतं. दोघांना आजवर हसून टाळलं. आता एकदाच लिहितो.

होतं हो फोनवर. पण मला लेन्स पाहिजे, मागचा फुलांचा पडदा धूसर पाहिजे, आणि पाहुण्याने कॅमेऱ्याला हात न लावता स्क्रीनवर बोट टेकवलं की काउंटडाउन सुरू व्हायला पाहिजे. वायफायने जोडून बघा हौस असेल तर, हॉलमध्ये पाहुणे आणि त्यांचे फोन भरले की मग बोलू.

आता पोरांचं. फोटो वायरीतून सरळ लॅपटॉपवर येतो, व्हिडिओ तसा येत नाही. स्क्रीनवर दिसतो तो फक्त लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेरा त्या क्षणी जे बघतो ते, कमी रिझोल्यूशनचं. खरं रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर होतं आणि संपल्यावर सॉफ्टवेअर ते ओढून घेतं. कार्डच नसेल तर फोटो बिनधास्त निघतात, व्हिडिओ नाही, आणि माणूस तासभर वायरी बदलत बसतो. माझ्या कॅनन 1500डी ला फुल एचडीत मिनिटाला तीनशे एमबीच्या वर लागतात आणि यूएसबी जुनं 2.0, त्यामुळे पाहुणा थोडा वेळ गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत उभा राहणारच, त्याला इलाज नाही. डायल मूव्हीवर, ऑटो पॉवर ऑफ बंद, ईओएस युटिलिटी (कॅननचं स्वतःचं सॉफ्टवेअर) बंद कारण ती कॅमेरा धरून बसते, विंडोजमधलं यूएसबी सस्पेंड (यूएसबीला मधेच झोपवणारी सेटिंग) बंद, वायर पाच मीटरच्या आत. कॅमेऱ्यातली व्हिडिओ सिस्टिम पाल (PAL) ठेवा, शटर 1/50, आपली वीज 50 हर्ट्झची आहे, नाहीतर हॉलच्या लाइटचे पट्टे नवरीच्या तोंडावरून सरकतात. फ्लॅश व्हिडिओत निरुपयोगी. आणि 1500डी ला बाहेरचा माइक लावायची सोयच नाही, डीजेपासून लांब उभं राहणं एवढंच हातात.

आणि बॅटरी. लाइव्ह व्ह्यू संध्याकाळभर चालू म्हटल्यावर साधी बॅटरी पुरत नाही, बदलायला कॅमेरा स्टँडवरून काढा, परत फ्रेम लावा. म्हणून डमी बॅटरी, बॅटरीच्या जागी बसणारा नुसता ठोकळा, तिची वायर भिंतीतल्या प्लगला. मी हे सगळ्यांना ठासून सांगायचो.

फलटणकडचं एक कार्यालय. रिसेप्शन, मेसेज बूथ, एक मिनिटाची मर्यादा. नवरीचे आजोबा आले, फेटा बांधलेला, कोणीतरी खुर्ची दिली तर नको म्हणाले. काउंटडाउन झालं, बोलायला लागले, नातीला लहानपणी शाळेत सोडायचे त्याचं काहीतरी, आणि लाइट गेली. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालू. कॅमेरा मेला. स्क्रीनवर आजोबांचा चेहरा तसाच थिजलेला आणि खरे आजोबा अंधारात बोलतच राहिले, डीजे बंद पडल्यामुळे पहिल्यांदाच सगळ्यांना स्वच्छ ऐकू येत होतं. जनरेटर सुरू होईपर्यंत त्यांचं संपलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा एकदा घेऊया का म्हटलं, तर म्हणाले, "एकदा बोललो ना बाळा."

कार्डावर व्हिडिओच्या जागी एक डॅट (.DAT) फाईल, न उघडणारी. रेकॉर्डिंग मध्येच तुटलं की फाईल बंदच होत नाही, शेवटी लिहायची माहिती लिहिली जात नाही. त्याच कॅमेऱ्याची दुसरी चांगली क्लिप नमुना म्हणून देऊन अनट्रंक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने दुरुस्त करता येते कधीकधी. झाली. शाळेपर्यंतचं आलं. पुढचं येणार कुठून, रेकॉर्डच झालं नव्हतं.

ते पूर्ण कोणाकडे होतं, सांगू? मामाकडे. फोनवर. आडवातिडवा धरलेला, अर्ध्यात नुसता काळोख, पण आवाज शब्दन् शब्द. नवरीने तेच जपून ठेवलंय आणि मला तसं सांगितलंही, रागाने नाही, सहज.

तर हा प्रश्न मला टोचतो तो म्हणून. वीज गेली त्याला मी काय करणार, असं मी बरेच दिवस म्हणत होतो आणि अजूनही म्हणतो. पण पॉवर बँकवर चालणारी डमी बॅटरी तेव्हाही बाजारात होती, आणि भिंतीचा प्लग म्हणजे पक्कं काम असं ज्याने पोरांना शिकवलं त्याच्याशी माझं अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो पॉवर बँक ऐनवेळी संपली म्हणजे? त्याचंही खोटं नाही.

आता कॅमेरा पॉवर बँकवर आहे आणि शेजारी स्टँडवर एक जुना फोन नुसता रेकॉर्ड करत असतो. मामा लोक तो बघतात आणि म्हणतात, "मग हाच वापरा की." त्यांना देण्यासारखं उत्तर माझ्याकडे नाही, पण वायर मी काढणार नाही.