फळ्यांची पायरी

थेरपी रूमच्या कोपऱ्यात मी प्लायवूडच्या फळ्या एकावर एक रचल्या, त्यांना क्लॅम्प मारले आणि वर उभी राहून पाहिलं. जमिनीपासून गुडघ्याच्या वर चार बोटं. नर्सनं विचारलं, "एवढी उंच पायरी कुणाच्या घरात असते?" घरात नसतेच. विंडस्लेडला असते.

मी विस्कॉन्सिनच्या उत्तर टोकाला, लेक सुपीरियरच्या काठावरच्या एका लहान हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. समोर मॅडलिन बेट. वर्षभर तिथं राहणारी माणसं चारशेच्या आसपास. सरोवर गोठून फेरीबोट बंद पडली की अलीकडच्या काठावरच्या बेफील्ड गावापासून बेटावरच्या ला पॉइंटपर्यंत साधारण तीन किलोमीटर गाड्या बर्फावरून जातात. नाताळ आटोपल्यावर टाकून दिलेली झाडं रोवून त्या रस्त्याची कड दाखवलेली असते. पण बर्फ धरताना आणि सुटताना गाडीही चालत नाही आणि बोटही. मग विंडस्लेड. सपाट तळाची केबिन, मागं मोठाले पंखे. बर्फावरून घसरते आणि बर्फ फुटलाच तर तरंगते. बेटावरची मोठ्या वर्गांतली मुलं त्या दिवसांत तिच्यातूनच शाळेला येतात.

माझी पेशंट ८४ वर्षांची, बेटावरची. फेब्रुवारीत अंगणात घसरून पडली, खुबा मोडला. डलूथ शहरात ऑपरेशन झालं, अर्धा सांधा बदलला, आणि पुढच्या व्यायामासाठी ती आमच्याकडे आली. नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पंजा आत वळवायचा नाही, हे तिला दुसऱ्याच दिवशी पाठ झालं. रोज सकाळी मी आत शिरले की तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "आज रंग कसा आहे?"

रंग बर्फाचा. जाडीचं तिला काही पडलेलं नव्हतं. डिसेंबरातला नवा, काचेसारखा चार इंच बर्फ माणसाला पेलतो. मार्चअखेरचा दोन फूट असला तरी भरवसा नाही. उन्हानं तो आतून उभा चिरत जातो, मेणबत्त्यांची मोळी बांधावी तसा. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी काठावरून एक ढेकूळ आणलं. ट्रेमध्ये तिनं ते बोटानं नुसतं ढकललं, तर वीतभर लांबीच्या कांड्या सुट्या झाल्या आणि काचेच्या बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज झाला. "आठवडा," ती म्हणाली. "फार तर दहा दिवस."

त्याच दिवशी तिच्या विमा कंपनीची नोटीस आली. कव्हरेज परवापासून बंद. कारण, पेशंट वॉकर घेऊन दीडशे फूट चालते, घरी जाण्यायोग्य आहे. मी अपील लिहिलं. घर पाण्यापलीकडे आहे, घरी जाण्याचा रस्ता वितळतो आहे, ती ज्या वाहनानं जाणार त्याची पायरी तिला अजून सुरक्षितपणे उतरता येत नाही, अजून सात दिवस द्या. फोनवरच्या माणसानं मला दोनदा विचारलं, रस्ता वितळतो म्हणजे काय. माझा तेव्हा फार संताप झाला. आजही होतो. खुर्चीत बसून पेशंटचे दिवस मोजणाऱ्याला निदान नकाशा उघडून बघावासा वाटू नये?

अपील फेटाळलं गेलं. मग उरलेले दोन दिवस आम्ही त्या फळ्यांवर काढले. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हा आमचा मूळ नियम. चढणं जमलं. उतरताना मात्र तोंड पुढं, एक हात कठड्याला, दुसरा माझ्या खांद्यावर, आणि खाली पाहिलं की ती थिजायची. चांगला गुडघा थरथरायचा. मी म्हणायचे, "पुन्हा." बाई बिचारी पुन्हा करायची.

शुक्रवारी सकाळी दक्षिणेचा वारा सुटला होता. मी सुट्टी टाकली आणि तिच्याबरोबर स्लेडमध्ये बसले. खाली उशी घेतली, खुब्याला कोन येऊ दिला नाही. बर्फ करडा, ठिकठिकाणी जवळपास काळा. पंख्यांच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं, ती नुसती बाहेर पाहत होती.

पलीकडे काठाजवळचा बर्फ आधी सुटतो, तसा तो सुटलेलाच होता. स्लेड थांबली तिथं घोटाभर चिखलबर्फ. वॉकर टेकवला तर एक पाय आत गेला. कोरड्या फरशीवर केलेला सगळा सराव तिथंच संपला. मी काही सुचवायच्या आत तिनं वॉकर माझ्या हातात दिला, दाराच्या दोन्ही कडा धरल्या, वळली आणि आमच्याकडे पाठ करून दुखरा पाय सरळ मागं, खाली सोडला. मग चांगला. एकदाही थिजली नाही. खाली दोघं जण हात पसरून उभे होते, त्यांनी तिला नुसतं सावरलं.

"बोटीतून असंच उतरतात," ती म्हणाली. जन्मभर तशीच उतरत आलेली बाई.

आणि मला बामणोली आठवली. माझं आजोळ. कोयनेच्या शिवसागरात लाँचमधून माझी आजी अशीच उतरायची, लाकूड धरून, पाठमोरी, पदर खोचून. लहानपणी सुट्टीत शेकडो वेळा पाहिलेलं. खुब्याच्या पेशंटलाही हेच बरं, सांधा वाकतच नाही, हात घट्ट धरलेले राहतात, खाली बघावं लागत नाही. मी टेपनं उंची मोजली, फळ्या रचल्या, क्लॅम्प मारले, आणि हे मला सुचलं नाही. तिलाही विचारलं नाही, की बाई, तू आजवर कशी उतरत आलीस?

त्या रात्रीच्या वाऱ्यानं काठ आणि बेटामधला बर्फ फुटला. ती घरी होती, मी बेफील्डला परतले होते.

त्या कंपनीबद्दल मी अजूनही कुणाशीही भांडेन. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मागितलेले सात दिवस मिळाले असते, तर सातही दिवस मी तिला त्या फळ्यांवरून पुढं तोंड करूनच उतरवलं असतं.