काळ्या खड्यातली चांदणी

काल दुपारी वहिनी आली ती बोटात नवीन अंगठी घालून, चांदीची, वर हा मोठा काळा ठिक्कर खडा. आईने चहा ठेवायच्या आधी विचारलं, "शनीचा का गं?" वहिनी म्हणाली, "नाही हो आई, असाच, आवडला म्हणून." ट्यूबलाइटमध्ये त्यात आवडण्यासारखं काही दिसेना, पण बोलतोय कोण. मग तिने गॅलरीत नेऊन उन्हात हात धरला तर त्या काळ्यावर एकदम पांढरी चांदणी, चार बारीक किरणांची, जराशी तिरकी, आणि हात कलला की खडा तिथेच पण चांदणी सरकते!

स्टार डायॉप्साइड म्हणतात याला, आपल्याकडे दक्षिणेत सापडतो, विकणारे 'ब्लॅक स्टार ऑफ इंडिया' असं भारदस्त नाव सांगतात. त्याच्या पोटात मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोखंडाच्या काळ्या खनिजाच्या, अगदी बारीक सुया असतात, दोन दिशांना लागलेल्या. रेशमी दोऱ्याच्या रिळावर ऊन पडलं की एक चकचकीत पट्टा दिसतो ना, तसे इथे दोन पट्टे, एकमेकांना छेदले की झाली चांदणी. म्हणून वरून पैलू न पाडता घुमट ठेवतात, आणि उजेड एका जागेवरून यावा लागतो, ऊन नाहीतर मोबाईलचा टॉर्च, ट्यूबलाइटचं ते काम नाही.

मॅग्नेटाइट म्हटल्यावर मात्र माझं अंगठीतून लक्षच उडालं. लहानपणी बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक मिळालं की दोरी बांधून ते कुणाच्यातरी बांधकामाच्या वाळूत ओढत फिरायचो, त्याच्यावर बारीक काळे काटे उभे राहायचे आणि काही केल्या निघायचे नाहीत. मग कुणीतरी शिकवलं की चुंबकाला आधी कागद गुंडाळ, नंतर कागद सोडव, सगळं आपोआप खाली. ते मी काड्यापेटीत जपून ठेवायचो, लोखंड म्हणून. आपल्या काळ्या दगडातून झिजून वाळूत आलेलं बहुतेक मॅग्नेटाइटच ते! आईने एका दिवाळीच्या साफसफाईत पेटीसकट फेकलं. वहिनीच्या खड्यालाही चांगलं जोरदार चुंबक ओढतं म्हणे, करून बघूया म्हटलं तर तिने मूठ मिटली.

काळ्या नीलमात अशीच चांदणी येते, पण सहा किरणांची, सुया तिथे तीन दिशांना. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये 1930च्या दशकात एका पोराला असला दगड सापडला, पैलूकाराकडून आला तेव्हा 733 कॅरेट, म्हणजे जवळजवळ दीडशे ग्रॅम, आणि त्याआधी कित्येक वर्षं तो त्यांच्या घरात दाराला अडकण म्हणून पडून होता असं सांगतात. मला ते घर फार आवडलं.

वहिनीच्या अंगठीची किंमत ऐकून आई म्हणाली, एवढीच? सहा किरणांचा घ्यायला गेलं तर आकडा कुठल्याकुठे जातो. आता जादा दोन किरणांसाठी एवढे पैसे कोण मोजतं कुणास ठाऊक, पण मोजतात लोक.