तुम्ही विचारलंत म्हणून: दोघेही ख्रिस्ती, मग भांडण कशाचे?

सुट्टीत पुण्याला आलो की कोणी ना कोणी हमखास विचारते, "अहो, बेलफास्टला दोन्हीकडचे ख्रिस्तीच ना, मग इतकी वर्षे एकमेकांना मारत का होते?" विचारणाऱ्याचे उत्तर बहुधा तयार असते: सगळ्या भांडणांचे मूळ धर्मच. उत्तर आयर्लंडच्या त्या राजधानीत बारा वर्षे नोकरी केल्यावर मला ते अर्धवट वाटते.

नोकरीला लागताना एक वेगळा कागद भरून द्यायचा होता. त्यावर तीन चौकोन होते: प्रॉटेस्टंट समाज, रोमन कॅथलिक समाज, दोन्हींपैकी नाही. देव मानता का, चर्चमध्ये जाता का, हे कोणी विचारले नव्हते. नोकऱ्या देताना पक्षपात होऊ नये म्हणून १९८९ च्या कायद्याने ही नोंद मालकांवर सक्तीची केली. आपल्याकडे आडनाव कानावर पडताच समोरचा मनातल्या मनात जो हिशेब मांडतो, तोच हिशेब तिथे शाळेच्या नावावरून होतो, इतकेच काय, इंग्रजी वर्णमालेतले 'एच' हे अक्षर तुम्ही 'एच' म्हणता की 'हेच', यावरूनही होतो. मी अर्थातच मराठी शाळेत शिकवलेला 'एच' म्हणतो आणि त्यामुळे नकळत प्रॉटेस्टंट ठरतो.

हा हिशेब जमिनीपासून सुरू झाला. सतराव्या शतकात आयरिश सरदारांच्या जप्त जमिनींवर इंग्लंड-स्कॉटलंडहून प्रॉटेस्टंट कुटुंबे आणून वसवली गेली. १९२१ मध्ये आयर्लंडची फाळणी झाली, उत्तरेचा भाग ब्रिटनकडे राहिला आणि त्याचा कारभार या प्रॉटेस्टंटांच्या वंशजांकडे. स्थानिक निवडणुकीत मत घरपट्टीशी बांधलेले होते, म्हणजे ज्याचे घर त्याला मत, त्यामुळे सरकारी घर कोणाला मिळते, याला मताचे मोल होते. जून १९६८ मध्ये कॅलेडन या गावी एका कॅथलिक कुटुंबाला घराबाहेर काढले गेले आणि शेजारचे घर एकोणीस वर्षांच्या अविवाहित प्रॉटेस्टंट तरुणीला दिले गेले. अशा पक्षपाताविरुद्ध चळवळ उभी राहिली, तिचे रूपांतर सशस्त्र संघर्षात झाले आणि पुढे तीस वर्षांत सुमारे साडेतीन हजार माणसे मेली. ती पोपच्या अधिकाराच्या वादात मेली नाहीत.

म्हणून धर्माला निर्दोष सोडावे, असे मात्र नाही. मुलांच्या वेगळ्या शाळांना चर्चनेच बळ दिले, आणि समझोत्याचा प्रत्येक प्रयत्न हाणून पाडण्यात इयन पेझ्ली हे प्रॉटेस्टंट धर्मोपदेशक आणि राजकारणी वर्षानुवर्षे आघाडीवर होते. रेघ चर्चने जपली, बंदूक त्या रेघेवर चालली.

पण ती रेघ ओलांडायलाही पाद्रीच लागला, हे मला जास्त विचार करायला लावते. पश्चिम बेलफास्टच्या क्लोनार्ड मठातले फादर ॲलेक रीड हे शिन फेनचे (आयर्लंड एक करण्यासाठी लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेशी जोडलेल्या पक्षाचे) जेरी ॲडम्स आणि तेच ध्येय सनदशीर मार्गाने गाठू पाहणारे कॅथलिक नेते जॉन ह्यूम यांच्यात गुप्तपणे निरोप पोचवत. १९ मार्च १९८८ रोजी एका अंत्ययात्रेत चुकून शिरलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांना जमावाने गाडीतून ओढून काढले आणि आयआरएने गोळ्या घातल्या. रीड त्यांना वाचवू शकले नाहीत. छायाचित्रात ते उघड्या प्रेताशेजारी गुडघे टेकून बसलेले दिसतात, आणि त्यांच्या ओठांभोवती रक्त आहे, कारण त्यांनी मरणाऱ्याला तोंडाने श्वास देऊन पाहिला होता. त्या क्षणी त्यांच्याजवळ ह्यूम यांना द्यायचा शिन फेनचा मसुदा होता. त्याच्या पाकिटालाही रक्त लागले. मसुदा मात्र पोचला, आणि त्या वाटाघाटींतून निघालेली वाट १९९८ च्या शांतता करारापर्यंत गेली.

२००५ मध्ये आयआरएने शस्त्रे नष्ट केली, तेव्हा साक्षीला हेच रीड होते आणि सोबत हॅरल्ड गुड हे मेथडिस्ट धर्मगुरू. एक कॅथलिक, एक प्रॉटेस्टंट. त्या कागदावरचे पहिले दोन चौकोन. पेझ्लींनी त्यांच्याही शब्दावर विश्वास ठेवला नाही, फोटो मागितले.